पत्र्यावरचा तांबेरा : रुपयाएवढा डाग घरच्या घरी कसा काढावा



उसाच्या पानावर तांबूस ठिपके दिसले की आपण लगेच ओळखतो, तांबेरा आला. पान उलटून पाहतो, शेजारच्या बेटातली पाने पाहतो, जाणत्याला विचारतो. पण तोच रंग जीपच्या मडगार्डवर, मोटारसायकलच्या टाकीखाली किंवा ट्रॉलीच्या फाळक्यावर दिसला तर "जंग लागला जी, चालायचंच" असे म्हणून पुढे जातो. फार झाले तर पोळ्याच्या आधी शिंगांना लावायला आणलेल्या रंगातला उरलासुरला हात तिथेही फिरवतो. डाग झाकला जातो, मनाला बरे वाटते, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड येऊन बोट आरपार जाते.

पानावरचा तांबेरा ही बुरशी आहे, पत्र्यावरची तांब ही रसायनाची करामत. पण दोघांची एक खोड सारखी. वर दिसतो तो ठिपका थोडा, आतला पसारा मोठा. म्हणून या लेखात सांगायची गोष्ट एकच आहे. तांब रंगाने झाकू नये, ती चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढावी आणि मग हवा-पाणी जाणार नाही असे त्या लोखंडाचे तोंड बंद करावे. डाग रुपयाएवढा असेपर्यंत हे काम घरच्या अंगणात एका-दोन दिवसांत होते. तो ताटाएवढा झाला म्हणजे गॅरेज, वेल्डिंग, नवा पत्रा आणि हजारांचा खर्च.

तांब म्हणजे नेमके काय

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तिघे एकत्र आले की तांब धरते. तिघांपैकी एकालाही बाहेर ठेवता आले तर ती थांबते. हवेतला दमटपणा साधारण ६० टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा बसतो आणि काम सुरू होते. वैशाखातल्या कोरड्या दुपारी आपल्याकडे तांब जवळजवळ झोपलेली असते. आषाढ-श्रावणात ती रात्रंदिवस जागी असते.

पाण्याचा एकच थेंब लोखंडावर पडला तरी त्याच्यात एक छोटीशी बॅटरी तयार होते. थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर मिळतो, मध्यभागी कमी. जिथे प्राणवायू कमी तिथले लोखंड विरघळते, आणि तांब जमते ती कडेच्या बाजूला. म्हणून तांब पुसली की मध्ये टाचणीच्या टोकाएवढा खड्डा दिसतो. रंगाच्या पापुद्र्याखाली हेच घडते. रंग जिथे तुटला तिथे हवा-पाणी शिरते, पण लोखंड खाल्ले जाते ते रंगाखालच्या अंधारात. आता त्या तुटलेल्या जागेवर आणखी रंग मारला तर काय होईल? आत अडकलेली ओल आतच राहील आणि बॅटरी चालू राहील. त्यातून तांब लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते, त्यामुळे ती वरचा रंग उचलते. तोच फोड. फोड फुटला की आणखी पाणी आत. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी ही गोष्ट आहे.

या बॅटरीला जोर देते ते मीठ. आपल्या भागात समुद्र नाही, मग मीठ कुठून आले? शेतकऱ्याने आपल्या गाडीकडेच पाहावे. म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे आपण पालाशासाठी टाकतो ते खत, रसायनशास्त्राच्या भाषेत पोटॅशियम क्लोराईड आहे. क्लोराईड म्हणजे मिठाचाच भाऊबंद. पोती वाहताना सांडलेला चूर फाळक्याच्या कोपऱ्यात बसतो, हवेतली ओल ओढतो आणि पत्रा खातो. उसाचा रसही थोडा आंबट असतो. ट्रॉलीत चिपाडे आणि रस वाळून बसले की तिथे ओल धरून राहते.

नत्र, स्फुरद, पालाश आणि तांब

पालाशातले क्लोराईड लोखंडाचे वैरी, तर स्फुरद त्याचा सोयरा. दिल्लीला मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या आवारात गुप्तकाळातला लोहस्तंभ उभा आहे. उंची ७ मीटरच्या वर, वजन ६ टनांच्या वर, वय सुमारे १६०० वर्षे. उन्हापावसात उभा, तरी पोखरलेला नाही. कानपूरच्या आयआयटीतील संशोधक आर. बालसुब्रह्मण्यम यांनी याचा खोलवर अभ्यास केला. त्या काळच्या लोहारांनी कोळशावर गाळलेल्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण आजच्या पोलादापेक्षा बरेच जास्त राहिले, आणि त्यामुळे स्तंभाच्या अंगावर एक पातळ घट्ट कवच तयार झाले. दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही त्याला धार्जिणी ठरली.

आज दुकानात 'रस्ट कन्व्हर्टर' म्हणून जी बाटली मिळते तिच्यात बहुधा हेच स्फुरद आम्लाच्या रूपात असते. त्याला फॉस्फोरिक ॲसिड म्हणतात. ते खड्ड्यात उरलेल्या तांबेशी संयोग पावून लोहफॉस्फेटचा थर करते. काही बाटल्यांत टॅनिक ॲसिड असते. हेही आपल्याला परके नाही. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पाते काळे पडते, ते आवळ्यातल्या टॅनिनमुळे. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी याच गुणावर होत असे. टॅनिन लोखंडाला काळ्या, न विरघळणाऱ्या रूपात बांधून टाकते.

मात्र कोणी खताचे पाणी करून पत्र्याला लावू नये. सुपर फॉस्फेटमध्ये इतर क्षारही असतात, त्याने नुकसानच होईल.

आपल्या भागात तांब कुठे धरते

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर–अमरावती हमरस्त्यावरचे गाव. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत, आता त्याचा क्रमांक ५३. आष्टीकडे आणि आर्वीकडे जाणारे रस्ते इथून फुटतात. हमरस्त्यावर ट्रकच्या चाकातून उडालेली गिट्टी बोनेटच्या नाकाला आणि दाराच्या खालच्या बाजूला टिचते. एवढासा रंगाचा टवका उडतो, पण तेवढी वाट तांबेला पुरते.

हमरस्ता सोडून शेताच्या पांदणीत शिरलो की काळी माती. ती पाण्याने फुगते, चिकटते आणि ओल लवकर सोडत नाही. मडगार्डच्या आतल्या दुमडीत बसलेला मातीचा गोळा बाहेरून वाळलेला दिसतो, पण बोटाने फोडला तर आत ओलाच. पावसाळाभर पत्र्याला ओली पट्टी बांधून ठेवावी तसा हा प्रकार. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने, कापसाच्या बोंडाच्या कचऱ्याने बुजली की दारात पाणी साचते आणि दार आतून सडते. बाहेर फोड दिसतो तो शेवटी.

आताच्या मोटारींचा सांगाडा कारखान्यात प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो प्रायमर कानाकोपऱ्यात बसवतात. ही पद्धत १९७०च्या दशकापासून जगभर पसरली, म्हणून नव्या गाड्या जुन्यांपेक्षा जास्त टिकतात. पण गावात वेल्डिंग करून बनवलेल्या ट्रॉलीला आणि टायरगाडीच्या सांगाड्याला हे भाग्य नसते. तिथे हाताने मारलेला रंग हेच एकमेव चिलखत. तेव्हा त्यांची काळजी जास्त घ्यावी लागते.

आधी पारख करा

कामाला हात घालण्यापूर्वी डाग कोणत्या जातीचा ते पाहावे. तीन जाती आहेत.

पहिली जात वरवरची. रंग उडालेला, खाली तांबूस पावडर, पण पत्रा टणक. हे काम घरचे.

दुसरी जात फोडाची. रंग फुगलेला, नखाने दाबला तर कुरकुरतो. रंग खरवडून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. पत्रा दबला नाही, फक्त खड्डे दिसले, तर हेही घरी होते. थोडी मेहनत जास्त.

तिसरी जात भोकाची. टोक आरपार गेले किंवा पत्रा कागदासारखा दबला. हे घरचे काम नव्हे. भोकात लांबी भरून वरून रंग मारणारे पुष्कळ आहेत. मागच्या बाजूने पाणी येतच राहते आणि सहा महिन्यांत लांबीचा गोळा हातात येतो. खराब पत्रा कापून नवा जोडणे हाच त्यावर उपाय.

जुनी गाडी विकत घेताना एक साधे लोहचुंबक खिशात ठेवावे. पातळ फडक्यात गुंडाळून ते दाराच्या खालच्या बाजूला, चाकांच्या कमानीला लावून पाहावे. जिथे लांबीचा जाड थर असेल तिथे ते नीट धरत नाही. बंपरचे किंवा इतर भाग प्लॅस्टिकचे असतील तर ते मुळीच धरणार नाही, तेवढे लक्षात ठेवावे. मुंबई-कोकणाकडची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी तर खाली आडवे होऊन गाडीचे पोट पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. खारी हवा काही वर्षांत जे करते ते आपल्याकडे व्हायला कितीतरी जास्त काळ लागतो.

साहित्य

साबण, बादली, जुने धुतलेले सुती कापड. कागदी चिकटपट्टी (मास्किंग टेप) आणि जुनी वर्तमानपत्रे. ८०, १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटच्या हातासाठी १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर. तारेचा ब्रश. रस्ट कन्व्हर्टरची छोटी बाटली. एपॉक्सी प्रायमर, न मिळाल्यास चांगल्या कंपनीचा रेड ऑक्साईड. खड्डे असतील तर लांबी आणि तिचे हार्डनर. गाडीच्या रंगाचा स्प्रेचा डबा आणि क्लिअर लॅकरचा डबा. थिनर, रबिंग कंपाउंड. आणि विसरू नये असे तीन : रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, नाकातोंडाला धुळीचा चांगला मास्क.

रंग घेताना "पांढरा द्या" म्हणून चालत नाही. पांढऱ्यातही दहा तऱ्हा असतात. बोनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते, तिच्यावर बहुधा रंगाचा सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. तो लिहून न्यावा. पट्टीवर नसेल तर अधिकृत दुकानात गाडीचा नंबर सांगून विचारावे. उन्हाने जुना रंग फिका पडतो, त्यामुळे तंतोतंत जुळणी होईलच असे नाही. आपल्याला पत्रा वाचवायचा आहे, लग्नाची वरात काढायची नाही. डागापुरता तोच रंग लावायला हरकत नसते. अख्ख्या गाडीचा रंग बदलला तर मात्र आरटीओकडे नोंद करावी लागते, हे एमएच ३२ वाल्यांनी आणि इतरांनीही ध्यानात ठेवावे.

वेळ कोणती

गळिताचा हंगाम चालू असताना गाड्यांना उसंत नसते. हंगाम संपल्यापासून मृगापर्यंतचा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ या कामाला उत्तम. हवा कोरडी असते आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत काम पुरे होते. पण भर उन्हात करू नये. मे महिन्यात दुपारी बोनेटला हात लावला तर चटका बसतो. अशा पत्र्यावर रंग पडताच वाळतो, पसरत नाही आणि त्याला बारीक दाणे येतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, सावलीत, वारा नसताना काम करावे. हिवाळ्यात करायचे तर दव पूर्ण वाळल्यावर. पावसाळ्यात गाडीवर टवका उडालाच तर जागा कोरडी करून तात्पुरता प्रायमर लावून ठेवावा आणि खरे काम पुढे करावे.

काम, क्रमाने

पहिली पायरी : धुणे. साबणाच्या पाण्याने डाग आणि भोवतालचा हातभर भाग धुवावा. मडगार्ड असेल तर आतली बाजूही धुवावी. आत माती ठेवून बाहेर डाग काढणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणे. पूर्ण वाळल्यावर थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसून घ्यावा. जवळ विडी-सिगारेट, चूल, शेगडी नको.

दुसरी पायरी : आडोसा. डागाच्या भोवती चार-पाच बोटे जागा सोडून चिकटपट्टी आणि वर्तमानपत्र लावावे.

तिसरी पायरी : घासणे. ८० नंबरच्या पेपरने कोरडेच घासावे. खरे काम इथेच आहे, आणि घाईही इथेच होते. तांबूस पावडर गेली म्हणजे झाले असे नाही. काळपट ठिपके दिसतात, ते खड्ड्यात दडलेली तांब असते. चकचकीत पांढरे लोखंड दिसेपर्यंत थांबू नये. रंगाच्या कडेखाली तांब आत गेलेली दिसली तर तिचा पाठलाग करून कडेचा रंगही काढावा, टणक आणि चिकटलेला रंग लागेपर्यंत. रुपयाएवढा डाग तळहाताएवढा झाला म्हणून घाबरू नये. तो आधीपासूनच तेवढा होता, आता फक्त दिसला. मग १२० आणि २२० ने रंगाची कड अशी उतरती करावी की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये.

चौथी पायरी : रस्ट कन्व्हर्टर. अगदी बारीक खड्ड्यांत ठिपके उरलेच तर तेवढ्यापुरते ब्रशने लावावे. किती वेळ ठेवायचे, नंतर धुवायचे की तसेच ठेवायचे, हे प्रत्येक बाटलीचे वेगळे असते. वर छापलेले वाचावे. विशेषतः आम्ल अंगावर तसेच राहिले तर एपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही. आणि हे द्रव आळसाला औषध नाही. जाड तांबेवर ओतून तिसरी पायरी टाळता येत नाही.

पाचवी पायरी : प्रायमर. उघडे लोखंड रात्रभर तसे ठेवायचे नाही. घामेजलेल्या हाताचे बोट लागले तरी दुसऱ्या दिवशी तिथे ठसा उमटतो. घासणे पुरे झाले की पुसून त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात प्रायमरचा पहिला हात द्यावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे.

सहावी पायरी : लांबी. फक्त खड्डा असेल तरच. लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढे हार्डनर साधारण पुरते, पण डब्यावरचे प्रमाण पाळावे. थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. लांबी स्वतः ओल शोषते, म्हणून ती उघड्या लोखंडावर न भरता एपॉक्सी प्रायमरवर भरणे चांगले, आणि घासतानाही पाणी लावू नये. वाळल्यावर १२० व २२० ने कोरडे सपाट करावे आणि पुन्हा प्रायमर द्यावा.

सातवी पायरी : रंग. प्रायमर वाळला की ४०० ने हलकेच घासून पुसून घ्यावे. डबा दोन मिनिटे चांगला हलवावा. वीतभर अंतरावरून, हात सतत सरकता ठेवून, पातळ तीन हात द्यावेत. दोन हातांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. ओघळ आला म्हणजे हात जाड झाला. मग क्लिअरचे दोन हात. चिकटपट्टी क्लिअर पूर्ण कडक होण्याआधी सावकाश काढावी.

आठवी पायरी : धीर. रंग हाताला वाळलेला लागला तरी आत ओला असतो. आठवडाभर धुणे-घासणे नको. मग कड दिसत असेल तर १००० आणि २००० चा वॉटर पेपर पाण्यासह फिरवून रबिंग कंपाउंडने चमक आणावी. मेण महिन्याभरानंतर.

गिट्टीने उडालेला नुसता टवका असेल, तांब धरलेली नसेल, तर एवढा खटाटोप नको. पुसून, काडीच्या टोकाने प्रायमरचा थेंब आणि तो वाळल्यावर रंगाचा थेंब. पाच मिनिटांचे काम, पण त्याच आठवड्यात केले पाहिजे.

ट्रॉली आणि टायरगाडी

तिथे चमक नको, टिकाऊपणा हवा. हंगाम संपल्यावर ट्रॉली भरपूर पाण्याने धुवावी, कोपऱ्यांतले खत आणि चिपाडे काढावीत. सुटलेला रंग आणि तांब तारेच्या ब्रशने व ८० नंबरने काढून रेड ऑक्साईडचे दोन आणि ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. तळाची बाजू विसरू नये. काही जण गाडीच्या पोटाला जळके इंजिन ऑइल फासतात. त्याने पाणी थोडे दूर राहते हे खरे, पण धूळ चिकटते, रबरी भाग खराब होतात, पुढे कधी रंग धरत नाही आणि शेतात ठिबकले तर मातीचेही नुकसान.

सुट्या लोखंडी वस्तूंसाठी, नट-बोल्ट, पाने, कुळवाची पास, साखर धंद्याशी नाते सांगणारा एक जुना उपाय आहे. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी करून त्यात वस्तू आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवली तर तांब सुटते. वास मारतो, पण लोखंड शाबूत राहते. नंतर धुऊन, लगेच वाळवून तेल लावावे. ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालू नयेत. मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण आहे, तेव्हा ती परस्पर उचलून आणायची वस्तू नव्हे. आणि गाडीच्या पत्र्याला हा उपाय चालत नाही, कारण तो बुडवता येत नाही.

जिवाशी खेळ नको

जुन्या रंगाची धूळ विषारी असू शकते. पूर्वीच्या तांबड्या प्रायमरमध्ये शेंदूर वापरत, आणि शेंदूर म्हणजे शिसे. पिवळ्या-नारिंगी रंगांतही शिसे असे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमच्या वर नसावे असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण तो घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता. म्हणून जुनी ट्रॉली किंवा ट्रॅक्टर घासताना खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, मास्क लावावा, लेकरे जवळ नसावीत. पडलेला चूर झाडू न मारता ओल्या फडक्याने टिपावा. तो चूर उकिरड्यावर, गोठ्याजवळ किंवा कडब्याजवळ मुळीच टाकू नये. जनावर चाटते, आणि शिसे जनावरालाही मारते आणि माणसालाही. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये.

काही कामे घरी करूच नयेत. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते, तिला वेल्डिंग लावणे म्हणजे बाँब पेटवणे. ट्रॉलीचा ओढदांडा, हूक, आस जिथे बसतो ती जागा, गाडीची चेसिस, सीट बेल्ट जिथे आवळलेला असतो तो पत्रा, ब्रेकच्या नळ्या, यांवर तांबेचे पापुद्रे सुटत असतील तर रंग मारून समाधान मानू नये. हे भाग भार वाहतात. उसाने भरलेली ट्रॉली चढावर असताना हूक तुटला तर मागच्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. तिथे जाणत्या कारागिराला दाखवावे, गरज पडल्यास भाग बदलावा. तिथला डाग रुपयाएवढा असला तरी त्याची किंमत रुपयाची नसते.

पुन्हा धरू नये म्हणून

महिन्यातून एकदा मडगार्डच्या आतून आणि चाकांच्या कमानीतून माती काढावी. दाराखालची भोके काडीने मोकळी करावीत. खत वाहून आणले की त्याच दिवशी गाडी धुवावी. बॅटरीच्या खोक्याशी पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. गाडीवर ताडपत्री टाकायची तर ओल्या गाडीवर टाकू नये, ओल आत कोंडते. मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, असे वर्षातून दोनदा गाडीभोवती एक फेरी मारावी. बी-बियाण्याची तयारी करतो तशी ही एक तयारी समजावी.

गाडी आज चैनीची वस्तू राहिलेली नाही. ऊस, संत्री, कापूस तिच्यावर जातो, आजारी माणूस तिच्यातून दवाखान्यात जातो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. तोपर्यंत पत्रा शाबूत राहील की चाळण होईल, हे आजच्या रुपयाएवढ्या डागावर ठरते. तेव्हा येत्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत प्रत्येकाने आपल्या गाडीभोवती एक चक्कर मारावी, वाकून खालूनही पाहावे, आणि डाग दिसलाच तर रंगाच्या डब्याला हात लावण्याआधी पॉलिश पेपर हातात घ्यावा.